निवाडा न देणारा कादंबरीकार : वामन मल्हार जोशी

१९३४ साली ‘इंदू काळे व सरला भोळे’ ही कादंबरी मराठी वाचकांसमोर आली. लेखक वामन मल्हार जोशी तेव्हा ५२ वर्षांचे होते. ‘रागिणी’कार म्हणून त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले होते आणि मडगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले होते. या नव्या पुस्तकात मात्र वाचकाला कथा सांगणारा कोणी भेटत नव्हता. माणसे एकमेकांना पत्रे लिहीत होती आणि त्या पत्रांतूनच सारे काही उलगडत होते. कला श्रेष्ठ की नीती श्रेष्ठ, या प्रश्नावर पात्रे आपापल्या परीने बोलत होती, चुकत होती, एकमेकांना समजावीत होती. पण या सर्वांच्या वर बसून शेवटचा शब्द उच्चारणारा लेखक त्यात कुठेच नव्हता. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, नीतिशास्त्रावर पाठ्यग्रंथ लिहिणारा पंडित. त्यानेच नीतीच्या प्रश्नावर निवाडा देण्याचे का टाळावे, असे कोडे वाचकाला पडणे स्वाभाविक होते. या कोड्याचे उत्तर शोधायचे तर वामनरावांच्या आयुष्याची वाट पुन्हा एकदा चालून पाहावी लागते.

ही वाट सुरू होते तळे या गावापासून. रोह्याहून दक्षिणेकडे निघाले की घोसाळगडाच्या पायथ्याला वळसा घालून रस्ता तळ्याकडे जातो. गावाच्या डोक्यावर तळगड उभा आहे. त्या काळी हा सारा मुलूख कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. जिल्ह्याचे ‘रायगड’ हे नाव १९८१ मधले, तर तळ्याला स्वतंत्र तालुक्याचा मान मिळाला तो १९९९ साली. वामनरावांचा जन्म २१ जानेवारी १८८२ चा. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर निवर्तले. आगगाडीचे नाव या भागात तेव्हा कोणी काढत नव्हते. मुंबईकडून येणारा माणूस आगबोटीने धरमतरला उतरे आणि पेण, नागोठणे असे टप्पे घेत आत शिरे. भातशेती, खाडी आणि डोंगर यांच्या या चिंचोळ्या पट्ट्यातून शिकण्यासाठी बाहेर पडणाऱ्या मुलांचा ओढा पुण्या-मुंबईकडे असे.

या पट्ट्याने विचार करणारी माणसे मात्र बरीच दिली. पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ साली विनोबा भावे जन्मले. त्यानंतर वर्षभराच्या आतच महाडजवळ नाते येथे चिंतामणराव देशमुखांचा जन्म झाला. त्यांचे घराणे रोह्याचे. पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झालेल्या या माणसाने कालिदासाचे ‘मेघदूत’ मराठीत आणले. विनोबांनी गीता मराठीत आणली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. वामनराव या दोघांपेक्षा वयाने बरेच मोठे. तिघांची क्षेत्रे पूर्ण वेगळी. पण संस्कृतातले जुने धन आजच्या माणसाच्या तोंडी रुळेल अशा मराठीत आणण्याची ओढ तिघांतही दिसते. वामनरावांनी ते काम कादंबरीतून केले, आणि कादंबरी हा तसा फार गंभीरपणे न घेतला जाणारा प्रकार होता.

पुण्यातले शिक्षण संपवून १९०६ साली तत्त्वज्ञान विषयात ते एम.ए. झाले. ही पदवी हातात असलेल्या तरुणाला सरकारी शिक्षणखात्यात सुखाची नोकरी मिळणे अवघड नव्हते. त्यांनी कोल्हापूरचा रस्ता धरला. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकरांनी तेथे ‘समर्थ विद्यालय’ ही राष्ट्रीय शिक्षणाची शाळा काढली होती. वंगभंगानंतरच्या स्वदेशीच्या लाटेचे ते दिवस होते. वामनराव तेथे शिकवू लागले आणि विजापूरकरांच्या ‘विश्ववृत्त’ मासिकाच्या संपादनाचा भारही त्यांच्याकडे आला.

१९०८ साल उजाडले. सरकारने राष्ट्रीय वृत्तपत्रांविरुद्ध शस्त्र उपसले होते. त्या वर्षी लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपेही तुरुंगात गेले. ‘विश्ववृत्ता’वर संकट आले ते ‘वैदिक प्रार्थनांची तेजस्विता’ या लेखामुळे. लेख होता श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा. विषय वेदांतील प्रार्थना. पण त्या प्रार्थनांतले तेज सरकारला आपल्याविरुद्धचे वाटले. हजारो वर्षांपूर्वीच्या ऋषींच्या वाणीत इंग्रज सरकारला राजद्रोह ऐकू यावा, यातला विनोद आज हसू आणतो. त्या वेळी त्याची किंमत मात्र जबर होती. विजापूरकर आणि वामनराव यांना तीन वर्षांची सक्तमजुरी ठोठावण्यात आली. वामनराव तेव्हा २६ वर्षांचे होते.

येथे थोडे थांबले पाहिजे. वामनरावांच्या चरित्रात हा प्रसंग देशभक्तीचे एक पान म्हणून सांगितला जातो, आणि ते योग्यही आहे. पण या खटल्याचा गाभा शब्दांच्या मालकीचा होता. लेख एकाचा, शिक्षा दुसऱ्याला. त्या लेखातही लेखक स्वतःचे असे थोडेच सांगत होता. तो प्राचीन मंत्रांचा अर्थ लावत होता. मंत्र ऋषींचे, अर्थ सातवळेकरांचा, पान ‘विश्ववृत्ता’चे आणि तुरुंग वामनरावांचा. एका आवाजात दुसरा आवाज मिसळलेला असतो, त्यात तिसरा असतो आणि ऐकणारा आपल्या भीतीप्रमाणे किंवा इच्छेप्रमाणे त्यातला अर्थ उचलतो, हा धडा त्यांना वयाच्या सव्विसाव्या वर्षी न्यायालयात मिळाला. पुढे या माणसाने जे जे लिहिले त्यात कोणाचे म्हणणे कोणाच्या तोंडी घालायचे, याबाबत विलक्षण काटेकोरपणा दिसतो. तो या अनुभवातून आला असे मानायला भरपूर जागा आहे.

तुरुंगातून बाहेर आल्यावरच्या काही वर्षांत त्यांची लेखणी एकदम वाहू लागली. १९१५ साली ‘सॉक्रेटिसाचे संवाद’ हे पुस्तक आले. अथेन्सच्या त्या म्हाताऱ्याने स्वतः एक ओळही लिहिली नाही. त्याचे बोलणे प्लेटोने लिहिले आणि तेही संवादाच्या रूपात. प्लेटो स्वतः त्या संवादांत बोलतच नाही. सॉक्रेटिस प्रश्न विचारतो, समोरचा उत्तर देतो, उत्तराचे पाय लटपटतात, नवा प्रश्न उभा राहतो. पुष्कळदा संवाद संपतो तेव्हा मूळ प्रश्न तसाच असतो. फक्त आपल्याला उत्तर ठाऊक आहे हा भ्रम गेलेला असतो. शब्दांसाठी शिक्षा भोगलेल्या मराठी माणसाने शब्दांसाठी विषाचा प्याला घेतलेल्या ग्रीक माणसाला आपल्या भाषेत बोलते करावे, हे साहजिकच होते. प्लेटोची ही रीत वामनरावांच्या हाडीमासी खिळली आणि ती मग त्यांच्या कादंबरीत शिरली.

‘रागिणी’ त्याच सुमारास आली. ‘मासिक मनोरंजन’च्या वाचकांनी ती क्रमशः वाचली. तिचे पूर्ण नाव ‘रागिणी अथवा काव्यशास्त्रविनोद’ असे आहे आणि त्या नावातच एक जुना प्रतिध्वनी आहे. शहाण्या माणसांचा काळ कशात जातो हे सांगणारे हितोपदेशातले सुभाषित त्या पिढीतल्या प्रत्येक शिकलेल्या माणसाला पाठ असे. ‘काव्यशास्त्रविनोद’ हा शब्द वाचताच उरलेला श्लोक मनात आपोआप उमटे, आणि मूर्खांचा काळ व्यसनात, झोपेत व कलहात जातो हा त्याचा दुसरा भागही. म्हणजे पुस्तक उघडण्यापूर्वीच लेखकाने वाचकाला हसत हसत एका बाकावर बसवले होते. आता या बाकावरून उठायचे तर मूर्खांच्या रांगेत जावे लागेल, अशी ती गोड अडवणूक होती.

नायिकेचे नाव रागिणी. शांत, सोशीक, पतिनिष्ठ. तिच्यासमोर उत्तरा. स्त्रीच्या हक्कांविषयी ठामपणे बोलणारी, कोणाला न जुमानणारी. उत्तरा हे नाव महाभारतातले, विराटाच्या मुलीचे आणि अभिमन्यूच्या विधवेचे. पण मराठी कानाला त्यात ‘उत्तर’ही ऐकू येते. रागिणी सूर लावते, उत्तरा उत्तर देते. नावांची ही गंमत वामनरावांनी पुढेही सोडली नाही. ‘सरला भोळे’ म्हणजे सरळ आणि भोळी. ‘इंदू काळे’ म्हणजे चंद्र आणि त्यावरचा काळिमा. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाच्या खिशात असा खट्याळपणा असतो हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

‘रागिणी’तली माणसे खूप बोलतात. स्त्री-पुरुष समता, कर्तव्य, प्रेम, वेदान्त, संन्यास. कोणताही विषय त्यांना वर्ज्य नाही. तोवरच्या मराठी कादंबरीत असे बोलणे नव्हते. हरिभाऊ आपट्यांनी मराठी कादंबरीला सामाजिक वास्तव दिले. ‘पण लक्षांत कोण घेतो’ त्यांच्या ‘करमणूक’ पत्रातून १८९० नंतर क्रमशः आली, तेव्हा त्यांनी यमूला स्वतःची कहाणी स्वतःच सांगू दिली. ती धाडसाची गोष्ट होती. एका बालविधवेचा आवाज पुण्याच्या घराघरात पोचला. परंतु यमू सांगते ते दुःख. तिच्या समोर बसून तिचे म्हणणे खोडणारे त्या पुस्तकात कोणी नाही, आणि असूही नये. तेथे वाचकाचे काम ऐकण्याचे आणि हळहळण्याचे आहे. वामनरावांनी स्त्रीला दुःखाच्या पुढचे काही दिले. वाद घालण्याचा हक्क दिला. त्यांच्या स्त्रिया पुरुषांबरोबर शास्त्रार्थ करतात, त्यांना अडवतात, प्रसंगी निरुत्तर करतात. उपनिषदांतल्या मैत्रेयी-गार्गी पुण्याच्या दिवाणखान्यात येऊन बसल्या, असे वाटावे.

दोष नाहीत असे नाही. ‘रागिणी’च्या कथानकात योगायोगांची गर्दी आहे. कथा सांगणारा अजून आपल्या पात्रांच्या डोक्यावर उभा आहे आणि त्याला सगळे ठाऊक आहे. पात्रे म्हणजे मतांची गाठोडी आहेत, असा आक्षेप वामनरावांवर जन्मभर घेतला गेला, त्याची सुरुवात येथून होते. आक्षेप पूर्ण खोटा नाही. पण मताला माणूस चिकटलेला असतो हे त्यांनी ज्या पोटतिडकीने दाखवले, तितके त्यांच्या आधी कोणी दाखवले नव्हते. उत्तरा जिंकली की रागिणी, असे विचारल्यास पुस्तक दोन्ही बाजूंनी साक्ष देते.

पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, ‘आश्रमहरिणी’ आली. हे छोटेसे पुस्तक प्रतिध्वनींच्या दृष्टीने सर्वांत नाजूक आहे. आश्रम आणि हरिणी हे दोन शब्द एकत्र आले की कण्वाचा आश्रम डोळ्यांसमोर येतो. मृगयेसाठी आलेल्या दुष्यन्ताला आश्रमाचे हरीण मारू नये म्हणून तपस्वी अडवतात, आणि सासरी निघालेल्या शकुंतलेचा पदर तिने वाढवलेले पाडस ओढते. या नाजूक वातावरणात वामनरावांनी आणून ठेवला तो पुनर्विवाहाचा प्रश्न. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला १८९३ साली, आणि तरीही त्या काळच्या पांढरपेशा घरात हा विषय काढला की जेवणाची पाने तशीच राहत. वामनरावांनी तो प्राचीन काळात नेला. ऋषी-मुनींच्या मुखाने, त्यांच्याच शास्त्राच्या भाषेत त्याची चर्चा घडवली. ज्या परंपरेचा हवाला देऊन विधवेचे केस उतरवले जात, त्याच परंपरेच्या अंगणात विधवेची बाजू मांडली गेली. जुन्या आवाजातून नवे बोलण्याची ही युक्ती ‘विश्ववृत्ता’तल्या त्या लेखाची आठवण करून देते. फरक एवढाच की या वेळी न्यायाधीश वाचक होते.

‘नलिनी’ (१९२०) त्या मानाने मागे पडली. तिच्याविषयी फार सांगण्याजोगे नाही.

याच सुमारास वामनरावांच्या आयुष्याला कायमचे वळण लागले होते. कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले. ठाकरसींच्या १५ लाखांच्या देणगीनंतर त्याला नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव लागले. पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर कर्व्यांचा आश्रम होता. तेथील महिला पाठशाळेत वामनराव प्राध्यापक झाले, पुढे प्राचार्य झाले. बालविधवा, परित्यक्ता, उशिरा शिकायला लागलेल्या प्रौढ मुली; असा त्यांचा वर्ग. तुटपुंजा पगार, लांबची पायपीट आणि समोर अशा विद्यार्थिनी, ज्यांच्या आयुष्यातला प्रत्येक निर्णय आजवर दुसऱ्या कोणी घेतला होता. अशा वर्गात नीतिशास्त्र शिकवणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. कर्तव्य म्हणजे काय, हे फळ्यावर लिहून देणे सोपे असते. पण समोर बसलेल्या मुलीला कर्तव्याच्या नावाखालीच तर सारे सोसावे लागलेले असते. तिला आणखी एक निकाल ऐकवण्यापेक्षा तिला स्वतःचे म्हणणे मांडायला लावणे, ही खरी शिकवणी. त्यांचा ‘नीतिशास्त्रप्रवेश’ १९१९ साली प्रसिद्ध झाला आणि मराठीत या विषयाचा तो आधारग्रंथ ठरला. नीतीच्या निरनिराळ्या उपपत्ती त्यात मांडल्या आहेत. त्याच विषयाची उरलेली, रक्तामांसाची बाजू कादंबऱ्यांत आली.

दहा वर्षांच्या अंतराने, १९३० साली, ‘सुशीलेचा देव’ प्रसिद्ध झाली. एका मुलीच्या मनातली देवाची कल्पना तिच्या वयाबरोबर आणि अनुभवाबरोबर कशी बदलत जाते, हा तिचा विषय. देव्हाऱ्यातल्या मूर्तीपासून निघालेला हा प्रवास माणसाच्या सेवेच्या ध्येयापर्यंत येतो. येथे वामनरावांचा निवेदक बराच नमला आहे. सुशीलेपेक्षा आपल्याला जास्त कळते असा त्याचा आव नाही. ती जिथवर पोचली तिथवरच तो पोचतो. त्याच वर्षी मडगावला मराठी साहित्य संमेलन भरले आणि अध्यक्ष म्हणून वामनरावांची निवड झाली. गोव्यावर पोर्तुगिजांची सत्ता होती. ब्रिटिश हिंदुस्थानात मिठाच्या सत्याग्रहाने वातावरण पेटलेले. अशा वर्षी परक्या दोन सत्तांच्या सीमेपलीकडे मराठी माणसे आपल्या भाषेसाठी एकत्र आली आणि अध्यक्षस्थानी होता शब्दांपायी तुरुंगात गेलेला एक शिक्षक.

मग आली ‘इंदू काळे व सरला भोळे’. पत्रांतून कथा सांगण्याची रीत युरोपात जुनी. इंग्लंडात रिचर्डसनने ती रुजवली, जर्मनीत गटेच्या ‘वेर्थर’ने १७७४ साली तिला तरुणांच्या काळजात नेले. इटलीत उगो फॉस्कोलोने १८०२ साली ‘याकोपो ऑर्तिसची अखेरची पत्रे’ लिहिली आणि तो ग्रंथ इटालियन कादंबरीचा पाया मानला जातो. फॉस्कोलोचे उदाहरण येथे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. १७९७ च्या तहाने नेपोलियनने व्हेनिस ऑस्ट्रियाच्या घशात घातले. त्या विश्वासघाताने उद्ध्वस्त झालेला तरुण ऑर्तिस आपल्या मित्राला पत्रे लिहितो आणि अखेर आत्मघात करतो. मित्र लोरेन्झो ती पत्रे संकलित करून वाचकांपुढे ठेवतो. ऑर्तिसच्या प्रत्येक पत्रातून ‘वेर्थर’ ऐकू येतो, दान्ते ऐकू येतो. पेट्रार्कच्या घराची तर तो यात्राच करतो. जुन्या कवींचे शब्द उसने घेतल्याशिवाय त्याला स्वतःचे दुःख सांगता येत नाही. पण त्या पुस्तकात पत्रे जवळजवळ एकट्या ऑर्तिसची आहेत. वाचक त्याच्या आवेगात वाहून जातो. आपल्या प्रेयसीला, तिच्या वडिलांना, तिच्या नियोजित पतीला काय वाटत होते, हे विचारायला तो उसंतच देत नाही.

वामनरावांनी पत्रांचा घाट घेतला आणि त्याचा रोख उलटा फिरवला. त्यांच्याकडे पत्रे अनेकांची आहेत. एकाने एक बाजू सांगितली की दुसऱ्याच्या पत्रात तिची दुसरी बाजू असते. पत्राची गंमत अशी की ते नेहमी कोणाला तरी उद्देशून असते. मैत्रिणीला लिहिताना माणूस जे सांगतो, ते वडीलधाऱ्याला लिहिताना गाळतो. लिहिणाऱ्याला उद्या काय होणार हे ठाऊक नसते. आजच्या मनःस्थितीत तो शपथा घेतो, उद्या त्या मोडतो. कादंबरीकार एरवी आपल्या पात्राविषयी सांगून टाकतो की ती मनातून खचली होती, किंवा तो स्वतःला फसवत होता. पत्रांच्या कादंबरीत ही सोय नाही. खचली होती की नव्हती, हे अक्षरांच्या वळणावरून वाचकाने ओळखायचे. नेमकी हीच सोय वामनरावांना नको होती. कलेच्या ओढीने वाहत जाणारी इंदू आणि विवेकाचा हात न सोडणारी सरला यांच्यात डावे-उजवे करणारा आवाज त्यांनी पुस्तकातून काढून टाकला. शीर्षकात दोन नावे आणि मधे एक ‘व’. त्या ‘व’वर सगळा तोल आहे.

१९३० च्या दशकात असे पुस्तक लिहिणे प्रवाहाविरुद्धचे होते. ना. सी. फडक्यांच्या ‘प्रतिभासाधना’ने १९३१ पासून कादंबरीच्या तंत्राची मोहिनी घातली होती. उत्कंठा, गुंतागुंत, उकल यांचा हिशेब वाचकांनाही पाठ झाला होता. (फडके स्वतः तर्कशास्त्राचे प्राध्यापक. दोन तत्त्वज्ञानी मास्तरांनी मराठी कादंबरी दोन विरुद्ध दिशांना ओढावी, हा योग मोठा मजेचा.) दुसरीकडे खांडेकरांचा ध्येयवाद होता. त्यात लेखकाचे हृदय कोणत्या बाजूला आहे याविषयी कधी शंका राहत नसे. फडक्यांच्या वाचकाला वामनराव संथ वाटले, खांडेकरांच्या वाचकाला ते कुंपणावर बसलेले वाटले. एका बाजूने बोला की हो, असा तगादा त्यांच्यामागे होता. स्वातंत्र्याची चळवळ ऐन भरात असताना दोन्ही बाजू ऐकून घेणारा माणूस लोकांना दुबळा वाटतो. पण हाच माणूस सव्विसाव्या वर्षी दुसऱ्याच्या लेखासाठी तीन वर्षे खडी फोडण्याची शिक्षा स्वीकारून आला होता, हे टीकाकार विसरत. कचरणारा माणूस तो नव्हता. दुसऱ्याच्या आयुष्याचा निकाल लावण्याचे मात्र त्याला भय वाटे, आणि हे भय हिंगण्याच्या वर्गात वर्षानुवर्षे उभे राहून मिळवलेले होते.

त्याच हिंगण्याच्या वातावरणात शिकलेल्या एका लेखिकेने १९३३ साली ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध केले आणि महाराष्ट्रात खळबळ उडाली. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या स्त्रीचे मन त्यात उघडे पडले होते. विभावरी म्हणजे मालतीबाई बेडेकर. वामनरावांच्या पुस्तकातल्या स्त्रिया पुरुषाने रंगवलेल्या होत्या, आणि त्या काळी पुरुषाने स्त्रीला बोलू द्यावे हीच मोठी गोष्ट होती. विभावरींच्या पुस्तकात स्त्री स्वतःच बोलू लागली. दोन्ही पुस्तके एका वर्षाच्या अंतराने आली. निवेदकाने बाजूला होऊन स्त्रीच्या पत्रांना जागा करून द्यायला याहून योग्य मुहूर्त नव्हता.

१९३७ साली वामनरावांनी ‘विस्तवाशी खेळ’ हे नाटक लिहिले. नाटकातही निवेदक नसतो. सगळे पात्रांच्या तोंडूनच यावे लागते. रंगभूमीवर त्याने फार मोठी मजल मारली नाही, पण वामनरावांची वाट कोठे चालली होती हे त्यावरून कळते. १९४० च्या ‘विचारसौंदर्य’ या लेखसंग्रहात त्यांनी आपल्या एकूण साहित्याची बाजूच जणू मांडली. शब्दाला, प्रतिमेला, भावनेला सौंदर्य असते तसे ते विचारालाही असते आणि ते वाङ्मयातून बाहेर काढता येत नाही, हा त्यांचा आग्रह. समीक्षकांना तो सहजी पटण्यातला नव्हता. पात्रे मतांची गाठोडी आहेत, या जुन्या आक्षेपाला हे त्यांचे उशिराचे उत्तर होते.

उतारवयात ‘स्मृतिलहरी’ आली १९४२ मध्ये. सॉक्रेटिसापासून सुरू झालेला लेखनप्रवास निबंध, कथा, नाटक, नीतिशास्त्र असा चौफेर फिरला. २० जुलै १९४३ रोजी, ६१ व्या वर्षी, वामन मल्हार जोशी यांचे निधन झाले. १९१५ ते १९३४ या १९ वर्षांत त्यांनी पाच कादंबऱ्या लिहिल्या. इंदू आणि सरला यांची पत्रे एकमेकींच्या स्वाधीन केल्यानंतरच्या नऊ वर्षांत मात्र त्यांनी सहावी लिहिली नाही.